आधी एक्स-रे नीट बघा, मग स्टेम सेल

संपादक महोदय,

मोडलेले हाड महिनोन्‌महिने जुळेना, की घरच्यांना ‘स्टेम सेल’चा, म्हणजे रुग्णाच्याच हाडातली मज्जा काढून तिच्यातल्या नवे हाड घडवणाऱ्या पेशी फटीत सोडण्याचा, सल्ला हमखास मिळतो. उपचारात तथ्य आहे, पण तो सरसकट सगळ्यांसाठी नाही.

आधी एक्स-रे बघावा. फटीच्या दोन्ही टोकांना नवे हाड फुगून आले असेल, तर तिथे पेशींची उणीव नाहीच. हाड हलते आहे, एवढाच दोष. जाड सळई घालून ते पक्के केले की बहुधा जुळते. स्क्रूभोवती काळी रेघ दिसली तर स्क्रू सैल झालाय, किंवा आत जंतुसंसर्ग आहे. अशा वेळी सीआरपी, ईएसआर या संसर्गाचा अंदाज देणाऱ्या रक्तचाचण्या केल्याशिवाय पुढे जाऊ नये. पू असलेल्या जागी पेशी सोडणे म्हणजे पैसे पाण्यात. ऊसाच्या ट्रॉलीखाली चिरडलेल्या पायात हाडाचा तुकडाच गेलेला असतो. ती पोकळी नुसत्या इंजेक्शनने भरत नाही, कमरेच्या हाडाचा थोडा भाग काढून तिथे भरावा लागतो. तंबाखू-मिश्री चालू असेल तर यातले काहीही रखडते.

उरले ते टोके निर्जीव पडलेले, पण स्थिर आणि संसर्ग नसलेले हाड. मज्जेतल्या पेशींचा खरा उपयोग इथे. फ्रान्समधले अस्थिशल्यविशारद एर्निगू यांनी 2005 मध्ये नडगीच्या अशा 60 रुग्णांचे निष्कर्ष मांडले. 53 जणांचे हाड जुळले. उरलेल्या सात जणांना दिलेल्या मज्जेत पेशीच कमी होत्या.

म्हणजे मज्जा कशी ओढली याला फार महत्त्व. कमरेच्या हाडाच्या मागच्या कडेत जाड सुई घालतात. एकाच जागी ओढत राहिले तर पहिल्या दोन-चार मिलीनंतर बरेचसे रक्तच येते. सिरिंज भरते, पेशी वाढत नाहीत. म्हणून लहान सिरिंजने थोडे ओढायचे, सुई फिरवायची, जागा बदलायची. रक्त न गोठण्याचे औषध सिरिंजमध्ये आधीच हवे, नाहीतर गुठळ्या होतात. साधारण 60 मिली मज्जा सेंट्रिफ्यूजमध्ये (वेगाने फिरवून पेशी वेगळ्या करणारे यंत्र) फिरवून 7 ते 10 मिली दाट मज्जा उरते. एवढा खटाटोप यासाठी, की मज्जेतल्या लाख पेशींत कामाच्या पेशी एक ते दहाच.

दंडातून रक्त काढून, फिरवून टोचले तर ते पीआरपी, म्हणजे रक्तातल्या प्लेटलेट्सचा दाट द्रव. त्याला स्टेम सेल म्हणून बिल लावणे ही सरळ फसवणूक आहे.

स्टेरॉइड किंवा दारूमुळे खुब्याचा गोळा सुकत असेल तर गोळ्यात भोक पाडून मज्जा सोडतात, पण गोळा बसण्याआधीच, म्हणजे खचून चपटा होण्याआधीच. एकदा बसला की सांधा बदलण्याचाच विचार करावा.

आणि कुणी हे ‘संशोधन’ म्हणून करत असेल, तर सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक मागावा. आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात.

आपले,
दोन अस्थिरोगतज्ज्ञ, कोल्हापूर