ताई, त्या सतरा रीबूटबद्दल

ताई,
स. न. वि. वि.

लिनक्सच्या कर्नलच्या, म्हणजे त्याच्या गाभ्याच्या, पॅचवर (दुरुस्तीवर) माझं नाव दोनदा आलंय, तुमचं एकदाही नाही. 'रिपोर्टेड-बाय' (बिघाड कळवणारा) मी, 'टेस्टेड-बाय' (दुरुस्ती तपासणारा) पण मीच. रात्री दीड वाजता फोनवर "हं, आता रीबूट करा" म्हणणाऱ्या माणसासाठी तिथे रकाना नसतो. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितोय.

गणपतीला तीन आठवडे राहिले होते. कराडमधल्या माझ्या डीटीपीच्या दुकानात ११ मंडळांची पावतीपुस्तकं अडकलेली, आणि अपडेटनंतर लॅपटॉपचा पडदा काळाठिक्कर. कोपऱ्यात एक पांढरी दांडी लुकलुकायची, बस्स. जुना कर्नल निवडला की सगळं सुरळीत. ज्याला विचारावं तो म्हणे, मशिन जुनं, एक्स सर्व्हर (पडद्यावर खिडक्या दाखवणारा प्रोग्राम) त्याहून जुना, नवीन घ्या. मीही मान डोलवत होतो. मंडळाच्या एका पोरानं तुमचा नंबर दिला, आणि तुम्ही पहिल्याच फोनला विचारलंत, "काल चालत होतं ना? मग चूक तुमची नाही."

मला वाटलं, धीर देताय. तो लिनक्स कर्नलवाल्यांचा नियमच आहे हे नंतर समजलं: कर्नल बदलल्यामुळे लोकांचं चालतं सॉफ्टवेअर बंद पडलं, तर दोष कर्नलचा. तुम्ही सांगितलेली २०१० सालची गोष्ट मी आता गिऱ्हाइकांनाही ऐकवतो. नूवो हा ग्राफिक्स ड्रायव्हर २.६.३३ मध्ये 'स्टेजिंग'मध्ये, म्हणजे कच्च्या मालाच्या कप्प्यात आला. पुढच्याच आवृत्तीसाठी त्याचा इंटरफेस बदलला आणि फेडोरा १२ या लिनक्सच्या तयार संचावर जुन्या लायब्ररीसह एक्स सुरूच होईना. 'कच्चा आहे असं सांगितलंच होतं' हा बचाव लिनक्सचे जनक टॉरवाल्ड्स यांना पटला नाही. फेडोरा तो लोकांना सरसकट देतेय, तर वापरणारे आहेतच, हा त्यांचा मुद्दा.

पण मला खरी मजा वाटली ती कर्नलमधल्या २०१९च्या काही ओळींची. पडद्यावरचे सगळे बदल एकदम करायचे, नाहीतर एकही नाही, ही 'अ‍ॅटॉमिक' सोय एक्सचा एक ड्रायव्हर चुकीची वापरत होता. मग कर्नलनं काय करावं? सोय मागणाऱ्या प्रोग्रामच्या नावाचं पहिलं अक्षर 'एक्स' असेल, तर त्याला ती द्यायचीच नाही! इतका गावठी उपाय जगभरच्या मशिनांत बसलाय हे बघून मला माझ्या दुकानाची लाज वाटेनाशी झाली.

मग बायसेक्ट, म्हणजे बदलांची यादी मधोमध तोडत, दर वेळी तिथला कर्नल बनवून 'गुड' की 'बॅड' सांगत बिघडवणारा बदल शोधणं. मंडपाच्या माळेतला बिघाड वायरमन मधोमध जोड सोडून शोधतो, तसंच. दोन आवृत्त्यांमध्ये तेरा-चौदा हजार बदल, म्हणजे साधारण १४ फेऱ्या. मशिनला लागतात तेवढीच मॉड्यूल्स ठेवायला सांगितलीत, तरी एका फेरीला ४० मिनिटं. आणि सातव्या फेरीला मी झोपेत 'बॅड'ऐवजी 'गुड' मारलं. पुढच्या तिन्ही फेऱ्या बॅड आल्या तेव्हा तुम्हीच चपापलात. लॉग (फेऱ्यांची नोंद) मागवलात, ती एक ओळ सुधारायला लावलीत, त्या नोंदीवरून रीप्ले करवलंत. ओरडला असतात तर मी सोडून दिलं असतं. "तीनच फेऱ्या गेल्या," एवढंच म्हणालात. अशा १७ झाल्या.

सापडलं काय, तर ड्रायव्हरमधली एक तपासणी कुणीतरी कडक केलेली. आमचा जुना एक्स एका न वापरल्या जाणाऱ्या जागेत काहीबाही आकडा पाठवायचा. आधी कर्नल तिकडे बघतही नव्हता, आता विनंतीच परत पाठवत होता. ज्यानं बदल केला त्याचंही तसं चुकलं नव्हतं. रिपोर्ट मात्र तुम्ही मलाच लिहायला लावलात, माझ्या मोडक्या इंग्रजीत. दोन दिवसांत त्याच माणसाचा पॅच आला: असा आकडा आला तर पूर्वीसारखं दुर्लक्ष करा. लावला, पडदा उजळला.

तुमचं नाव घालायला सांगू का, असं विचारलं तर "मशिन तुमचं, बग तुमचा" म्हणून मोकळ्या झालात.

पुस्तकं वेळेत गेली. आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या पुस्तकातली पावती क्रमांक १ तुमच्या नावानं फाडली आहे, रुपये १०१, माझ्याकडून. नाव पूर्ण आणि शुद्ध लिहिलंय, दोनदा तपासलं. पत्ता कळवा, पावती आणि प्रसाद पाठवतो.

आपला,
कराडचा डीटीपीवाला