बाबांचा कागद कुणाच्या टेबलावर ठेवायचा?

मा. आरोग्यमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

माझे वडील गेले. सांत्वन नको, खुलासा हवा आहे.

दोन वर्षांपूर्वी, चांगले हिंडते-फिरते असताना, बाबांनी वैद्यकीय इच्छापत्र केलं. बरं होण्याची आशा संपली तर व्हेंटिलेटर नको, नळ्या नकोत. दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का, सगळं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये सांगितलं तसं. एक प्रत पालिकेत द्यायची असते, म्हणून आम्ही दोघं गेलो. जन्म-मृत्यूच्या खिडकीवरच्या बाईंनी कागद उलटसुलट पाहिला नि म्हणाल्या, "मयत झाल्यावर या." बाबा हसले होते तेव्हा.

मग आयसीयूचे 19 दिवस. नळी उपसू नये म्हणून त्यांचे हात गॉजच्या पट्टीने खाटेच्या कठड्याला बांधलेले. मनगटं काळीनिळी. मी कागद पुढे केला. डॉक्टर वाईट नव्हते हो, घाबरलेले होते. "आमच्याकडे हे चालत नाही, लीगलला, म्हणजे आमच्या कायदा विभागाला, विचारतो." लीगलने नऊ दिवस विचार केला. वैद्यकीय मंडळाने शक्यतो 48 तासांत मत द्यावं, असं न्यायालय म्हणतं. पण आधी मंडळ नको का? मंडळं लागतात दोन; पहिल्याचं मत तपासणाऱ्या दुसऱ्या मंडळावरचा एक डॉक्टर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमायचा. तो कोण, हे रुग्णालयात एकालाही सांगता येईना.

शेवटी तोडगा निघाला: "वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेत आहे" असं लिहून द्या. म्हणजे बाबांचा शब्द पाळायचा तर गुन्हेगार मी, तेही माझ्याच अक्षरात! माझ्या निदान चौदा सह्या घेतल्या असतील त्यांनी. बाबांच्या एका सहीला किंमत नव्हती. दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यावर मात्र हीच सही सरकारला चालायची.

अशा इच्छापत्राला मान्यता देणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 2018 ला लागला. जवळजवळ पाच वर्षं त्यावर मॅजिस्ट्रेटची सही हवी या अटीतच गेली. 2024 मध्ये केंद्राने असे उपचार थांबवण्याबाबतच्या मार्गदर्शक तत्त्वांचा मसुदा काढला. मसुदे काढण्यात आपला हात कोण धरणार! केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग हल्ल्यानंतर 1973 पासून 2015 पर्यंत अचेत अवस्थेत खाटेवर होत्या, तेव्हाही चर्चाच चालू होती. एकीकडे आयसीयूत खाट नाही म्हणून माणसं दारात मरतात, दुसरीकडे ज्याला ती नको त्याला तिथेच बांधून ठेवता. हिशेब कोण लावतं हा?

माझं स्वतःचं इच्छापत्र परवा नोटरी झालं. कुठल्या खिडकीवर, कुणाच्या हातात देऊ, तेवढं नावानिशी कळवा. पोच घेतल्याशिवाय मी हलणार नाही.

आपली,
त्यांची मुलगी