ब्राझीलात बर्फ कुठून आला म्हणे!

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

ब्राझीलात परवा ते प्रवासी विमान पडून सगळे ६२ जण गेले, पंखावर बर्फ जमला असेल असं म्हणतात; कालच्या अंकात त्यावर वाचकांच्या प्रतिक्रिया छापल्यात तुम्ही. अर्धं पान. छापा, पण छापायच्या आधी कोणी वाचतं का हो तिथं? एक साहेब लिहितात, ब्राझील गरम देश, तिथं पंखावर बर्फ कसा काय जमेल, कंपनी काहीतरी लपवायली. दुसऱ्यांनी तर सरळ पायलटलाच फासावर दिलं, आणि तो बिचारा बाकीच्या ६१ जणांसोबत आधीच गेलाय.

त्या पहिल्या साहेबांनी एकदा एप्रिल-मे मधी पाचोडला यावं. खाली ४२ डिग्री, चप्पल डांबराला चिकटायली आणि दुपारी चारला आभाळ भरून आलं की लिंबाएवढ्या गारा मोसंबीची बारकी फळं झोडपून काढतात. त्या कुठल्या फ्रीजमधून पडतात? २०१४ ची गारपीट ज्यानं बघितली त्याला वर बर्फ असतो हे सांगावं लागत नाही. ते विमान १७ हजार फुटावर होतं, तिथं पारा शून्याच्या खाली, ढगातलं पाणी एवढं गार होऊन बी पाणीच राहतं आणि पंखाला टेकलं की जागच्या जागी बर्फ. वजनापेक्षा पंखाचा आकार बिघडतो ही खरी अडचण, मग उचलच मिळत नाही. मोठी जेट विमानं ३५ हजारावरून ढगाच्या वरून निघून जातात, हे ब्राझीलचं एटीआर जातीचं, पुढं फिरता पंखा (प्रोपेलर) असलेलं विमान, नेमकं त्याच बर्फाच्या थरातून जातं. म्हणून त्याच्या पंखाच्या पुढच्या कडेला रबराच्या पिशव्या असतात, हवा भरून फुगवल्या की बर्फ तडकून पडतो. १९९४ मधी अमेरिकेत ह्याच जातीचं विमान बर्फामुळं पडून ६८ जण गेले. पण म्हणून बर्फच, असंही लगेच म्हणू नका. २००९ ला अमेरिकेतच बफेलो शहराजवळ दुसऱ्या जातीचं पंख्याचं विमान पडलं तेव्हा सगळे बर्फ बर्फ करत होते, चौकशीत निघालं की नाक खाली करायचं तिथं कॅप्टननं दांडा मागं ओढला.

मला हे सगळं कसं माहीत, तर २६ एप्रिल १९९३ मुळं. बारावीची परीक्षा देऊन रिकामा होतो. औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावरून उडताना विमान बीड रोडवरच्या कापसाच्या गाठीच्या ट्रकला धडकलं, मग विजेच्या तारा, ११८ पैकी ५५ गेले. आमच्या काकांचा बी ट्रक होता, गाठी भरून त्याच रोडनं जायचा. त्या दिवशी तो पाटा तुटून गॅरेजला उभा होता, पण हे ऐकून कोण घेतंय. दुसऱ्या दिवशी स्टँडवर सगळ्यांचा निकाल लागलेला, ट्रकवाल्यानं पाडलं. काकांचं नाव पडलं इमानपाडे. चुलत बहिणीच्या लग्नात पंगतीत व्याह्यानं सगळ्यांसमोर विचारलं, तुमचाच ट्रक होता का हो तो? हसत हसत विचारलं. काका अर्ध्या ताटावरून उठले.

पुढं चौकशीत आलं की पायलटनं विमान उचलायला उशीर केला, उचलायची पद्धत बी चुकली, आणि विमानाच्या वेळेला बीड रोडवरची वाहनं थांबवायची ते विमानतळवाल्यांनी केलं नाही. ट्रकवाला आपल्या रोडनं चालला होता बिचारा. ही बातमी आम्हाला सापडली ती बोटभर, आतल्या पानावर. काकांनी ती कापून ट्रकच्या केबिनमधी चिकटवली होती. कोणी बसलं की दाखवायचे. ट्रक विकला तेव्हा घेणाऱ्यानं ती खरडून काढली आणि तिथं लिंबू-मिरचीचं स्टिकर लावलं.

तर ब्राझीलची चौकशी कधी का होईना पुरी होईल, त्या दिवशी बी अर्धं पान द्याल का?

आणि अजून एक. ह्या अर्ध्या पानासाठी काल तुम्ही बाजारभाव गाळले. आंबिया बहाराची मोसंबी मार्केटला निघालीय, मी सकाळी सकाळी पेपर घेऊन लिलावाला गेलो, पानं उलटून बघतो तर भावच नाहीत. व्यापारी म्हणला, पेपरात नाही ना, मग मी सांगतो तो भाव. उद्यापासून छापा.

आपला,
एक जुना वाचक, पाचोड, ता. पैठण
१४ ऑगस्ट २०२४