भुकेची वाट कोणी पाहू नये?

महोदय,
रविवारच्या पुरवणीतील ‘भूक लागेल तेव्हाच जेवा’ हा लेख वाचला. निरोगी माणसाला हा सल्ला चालेलही. पण इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्या मधुमेहींना त्यातून स्पष्टपणे वगळायला हवे होते. ही गोळी घेतली की स्वादुपिंड इन्सुलिन सोडू लागते, पोटात अन्न असो वा नसो. ३०/७० मिश्र मानवी इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास टोचतात. त्यानंतर भुकेची वाट पाहत बसल्यास रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली घसरू शकते.

त्यातच जुन्या मधुमेहात घाम, थरथर, कडकडून भूक या इशाऱ्याच्या खुणा बोथट होतात. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातले औषध चालू असेल तर थरथर जाणवेलच असे नाही. ज्या भुकेवर विसंबायचे, तीच दगा देते! सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळ्यांत काम करणाऱ्यांनी पाळी बदलताना औषधाची वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. डोस घेऊन जेवण पुढे ढकलू नये.

साखर उतरलीच तर १५ ग्रॅम साखर (तीन-चार छोटे चमचे) पाण्यातून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावी. पेढा किंवा चॉकलेट नको. त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. शुद्ध हरपलेल्या रुग्णाच्या तोंडात काहीही घालू नये, थेट रुग्णालय गाठावे. केवळ मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीवर असलेल्यांना हा धोका फार कमी असतो.

– एक औषधविक्रेता, नाशिक रोड