परदेशी स्वयंसेवी घरबांधणीला जाणाऱ्या सदस्यांसाठी सूचना

सर्वांना नमस्कार,

नावे दिलेल्यांनी आधी व्हिसाचे बघा. बऱ्याच देशांत बिनपगारी कामही पर्यटक व्हिसावर चालत नाही. यजमान संस्थेकडून लेखी खुलासा मागवा. धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन 10 वर्षे होत आली असतील तर डॉक्टरांना विचारा.

साइटवर जाड तळव्याचे बंद बूटच हवेत. ओल्या सिमेंटने कातडी भाजते आणि ते लगेच कळतही नाही, म्हणून रबरी हातमोजे घ्याच. काम गवंड्याच्या हाताखालचे: विटा पोचवणे, वाळू चाळणे, माल कालवणे. गवंडी सांगेल तेच करायचे, भले तुम्ही इंजिनिअर असा. 1976 साली सुरू झालेल्या हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या गरजूंसाठी घरे बांधणाऱ्या संस्थेच्या पद्धतीत घर मिळणारे कुटुंबही स्वतः राबते. त्यांच्याशी गप्पा मारा. फोटो मात्र विचारूनच.

जेवण तिथलेच असेल, आणि खरी मजा त्यातच आहे. थोडे वाढून घ्या, आवडले तर पुन्हा मागा. अ‍ॅलर्जी किंवा काही वर्ज्य असेल तर आत्ताच कळवा, ताटावर बसल्यावर नको. पाणी उकळलेले किंवा सीलबंदच प्या.

व्हिसाची प्रत आणि खाण्याची पथ्ये येत्या शनिवारपर्यंत पाठवावीत.

– समन्वयक