‘बेस कुठे आहे?’ असं विचारणाऱ्या दादांना

आदरणीय दादा,
सप्रेम नमस्कार.

समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही वायरी गुंडाळायला लागता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. आमच्या मेटल बँडची गाणी ज्यांना आवडतात त्यांना कळू दे, पहिल्या तीन वर्षांत आमच्या आवाजामागे कोण उभं होतं ते.

आपली ओळख साउंडचेकच्या वेळी, म्हणजे कार्यक्रमाआधी आवाज तपासताना झाली. तुम्ही सगळ्या वाद्यांचा आवाज जुळवायच्या मिक्सरपाशी होतात. अर्धं गाणं ऐकलंत, हात वर करून आम्हाला थांबवलंत आणि विचारलंत, “बेस कुठे आहे?” मी तेव्हा बेस, म्हणजे खालच्या स्वरांची गिटार, जीव तोडून वाजवत होतो. वर्षभर तसाच वाजवत होतो आणि ते कुणालाच ऐकू जात नव्हतं, मलासुद्धा.

दोन्ही गिटारांचा गेन, म्हणजे आवाज खरखरीत आणि जाड करणारं बटण, पार टोकाला होता. दोन्ही अँपवर मधले स्वर जवळजवळ बंद आणि खालचे पूर्ण चढवलेले. खोलीत एकट्याने वाजवताना असा आवाज अंगावर येतो, भरगच्च वाटतो. पण बँडमध्ये तो बेसच्या आणि पायाने वाजवायच्या किक ड्रमच्या जागेवर येऊन बसतो, आणि गिटारची स्वतःची जागा, म्हणजे मधला पट्टा, रिकामी राहते. हे तुम्ही कुणालाही न दुखावता समजावून सांगितलंत. गेन अर्ध्यावर आणवलात, मधले स्वर परत आणलेत, खालचे कमी केलेत. आमचे गिटारवाले नाराज होते. आवाजातला दम गेला असं त्यांना वाटत होतं. मग तोच रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा, आम्ही पुन्हा वाजवला. तळव्याने तारा दाबून काढलेला एकेक ठोका सुटा ऐकू आला आणि त्याच्या खाली माझी तार होती. दादा, त्या आठवड्यात मी बँड सोडणार होतो. हे तुम्हाला आजवर सांगितलेलं नाही.

तारांचंही तसंच. जड आवाज हवा म्हणून आम्ही गिटार दोन पूर्ण स्वर खाली लावत होतो, पण तारा नेहमीच्याच, पातळ. जोरात छेडलं की स्वर क्षणभर वर चढायचा आणि प्रत्येक कॉर्ड किंचित बेसूर लागायचा. तुम्ही जाड तारा चढवायला लावल्यात, बाराव्या पडद्यावरचा स्वर ट्यूनरवर तपासून ब्रिज, म्हणजे तारांचा खालचा आधार, जुळवायला शिकवलंत. आणि तेव्हाच ब्लॅक सॅबथ या बँडच्या गिटारवाल्याची, टोनी आयोमीची गोष्ट सांगितलीत. १९६५मध्ये कारखान्यातल्या यंत्राखाली त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्याने प्लास्टिक वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या, आणि १९७१च्या अल्बमपर्यंत ब्लॅक सॅबथ दीड स्वर खाली उतरलेले होते. “त्याने गरजेपोटी तार सैल केली, तुम्ही कशासाठी करताय ते आधी ठरवा,” असं म्हणालात. त्यानंतर आम्ही दोन गाणी परत वरच्या ट्यूनिंगमध्ये नेली. ती तिथेच चांगली वाजतात.

रेकॉर्डिंगच्या वेळचं मात्र मला सविस्तर सांगायचंय. आमच्या सगळ्यात वेगवान गाण्याची लय होती मिनिटाला १८० मात्रा. त्यात दोन्ही पायांनी किक वाजवायच्या डबल पेडलवर एका मात्रेत चार, म्हणजे सेकंदाला बारा ठोके पडतात, आणि आमच्या ड्रमरचा डावा पाय मागे राहत होता. संगणकात ते ठोके ओळीत बसवणं तुम्हाला अवघड नव्हतं. त्याआधी आम्ही जिथे गेलो होतो तिथे तेच केलं होतं, वर ड्रमचे आवाजही बदलले होते, आणि ऐकल्यावर आमचा ड्रमर दिवसभर कुणाशी बोलला नव्हता. तुम्ही सत्र थांबवलंत. त्याला मेट्रोनोमवर, म्हणजे लय धरून देणाऱ्या यंत्रावर, १२०पासून सुरुवात करायला सांगितलंत; डाव्या पायाने सुरुवात, आणि दोन्ही पायांचा आवाज सारखा आल्याशिवाय पुढे जायचं नाही. सात आठवडे लागले. तेवढे दिवस तुम्ही आमच्यासाठी तारीख धरून ठेवलीत. त्या गाण्यात आज जे पाय ऐकू येतात ते त्याचे स्वतःचे आहेत.

निघताना प्रत्येक वाद्याचा वेगळा ट्रॅक तुम्ही आमच्या हवाली केलात आणि दोन ठिकाणी जपून ठेवायला सांगितलंत. कारण विचारलं तर आयर्न मेडन या बँडचं सांगितलंत. १९७८च्या शेवटच्या दोन दिवसांत त्यांनी डेमो, म्हणजे नमुन्याचं रेकॉर्डिंग केलं, पण मूळ टेप विकत घ्यायला पैसे नव्हते. पुन्हा गेले तोवर ती पुसली गेली होती. हातात उरलं त्यातली तीन गाणी त्यांनी १९७९मध्ये स्वतःच तबकडीवर छापून टपालाने विकली, ५००० प्रती. पाठीशी कंपनी नसलेल्या बँडला आपला माल आपल्याकडे असणं किती मोलाचं असतं, ते आम्हाला दोन वर्षांनी कळलं. पहिल्या गाण्यांचं मिक्स नव्याने करायची वेळ आली तेव्हा सगळं आमच्यापाशी होतं.

आणि कानांचे बोळे. कानांनी सोसायची मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी, म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. हे गणित तुम्ही सरावाच्या खोलीच्या दारावर खडूने लिहून ठेवलंत. आम्ही रोज तीन तास वाजवत होतो. आमच्या बरोबरीने सुरू केलेल्या दोघांच्या कानात आता कायम शिटी वाजते. आम्हा चौघांच्या नाही. याचे आभार कसे मानायचे ते मला खरंच कळत नाही.

तुम्ही आमच्या एकाही गाण्याचा शब्द बदलला नाहीत. गायकाला कधी हळू ओरड म्हणाला नाहीत. फक्त पोट वापर, घसा मोकळा सोड, म्हणालात.

नव्या पाच गाण्यांचं कच्चं मिक्स सोबत पाठवतोय. तिसऱ्या गाण्यात, दोन्ही गिटार थांबतात त्या जागी, बेस पुरेसा आहे का ते तेवढं ऐकून सांगा.

तुमचा,
बेसवाला