भाला जोडून देणाऱ्यांचे आभार

लंडनच्या एक्सेल सेंटरमध्ये भरणाऱ्या ‘सॅल्यूट’ या वॉरगेमिंगच्या (चिमुकल्या सैनिकांच्या प्रतिकृतींनी खेळायच्या युद्धखेळांच्या) प्रदर्शनातल्या प्रतिकृती-रंगकाम स्पर्धेत माझा २८ मिलिमीटर मापाचा मराठा घोडेस्वार उभा राहिला, तो अनोळखी माणसांमुळे. ट्रेनच्या गर्दीत त्याचा भाला मोडला होता. स्टॉलवरच्या काकूंनी समोरचं गिऱ्हाईक थांबवून टाचणीच्या टोकावर सुपरग्लूचा थेंब घेतला, श्वास रोखून भाला जोडला आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला. शेजारच्या स्पर्धक आजोबांनी आपला शून्य नंबरचा ब्रश दिला; सांध्यावरचा रंग त्यानेच सारखा केला. (वर पागोट्याच्या लाल रंगाला नारिंगी हायलाइट (उठाव देणारी उजळ छटा) हवा होता, हेही सुनावलं. बरोबरच होतं.) काचेच्या कपाटात स्वाराला पुढच्या रांगेत जागा देणाऱ्या स्वयंसेवक मुलीचेही आभार. बक्षीस दुसऱ्यांनी नेलं. त्यांचं काम होतंच तसं. मंडळी, मनापासून धन्यवाद!